एका काठीची सावली आणि शाळेचा एक आठवडा

चेन्नई शहर मागे टाकून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की तीस-पस्तीस किलोमीटरांवर सिरुसेरी हे गाव लागते. गावाच्या पूर्वेस बकिंगहॅम कालवा आहे आणि कालव्यापलीकडे समुद्र. एके काळच्या या लहानशा खेड्याभोवती आज संगणक-उद्योगाची मोठी वसाहत उभी राहिली आहे. १९८९ साली स्थापन झालेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट ही गणिताच्या अध्ययनाची नामांकित संस्थाही २००५ पासून येथेच आहे. परंतु शाळेतील मुलांच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व या इमारतींमुळे नव्हे, तर त्याच्या जागेमुळे आहे. सिरुसेरीचा अक्षांश सुमारे १२.८ अंश उत्तर आहे आणि रेखांश सुमारे ८०.२ अंश पूर्व. या दोन आकड्यांच्या आधारे शाळेचा एक संपूर्ण आठवडा अतिशय फलदायी रीतीने घालविता येतो, आणि त्यासाठी लागणारी मुख्य सामग्री म्हणजे एक सरळ काठी होय.

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो व सावली पायाखाली जाते,’ हे वाक्य लहान मुलांच्या तोंडी सर्वत्र असते. हे वाक्य बहुतेक दिवशी आणि बहुतेक ठिकाणी खोटे आहे. दिल्लीच्या मुलाच्या पायाखाली सावली वर्षातून एकदाही जात नाही. कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. सिरुसेरीत ती वर्षातून दोनदा जाते: एकदा एप्रिलच्या २४-२५ तारखेस आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या सुमारास. महाराष्ट्रातही ती दोनदा जाते. पण येथे पंचांगाने विद्यार्थ्यांची थोडी थट्टाच केली आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत शून्य छायेचा पहिला दिवस मे महिन्यात, म्हणजे ऐन सुट्टीत पडतो; आणि दुसरा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, म्हणजे भर पावसाळ्यात. त्यामुळे ज्या घटनेचे वर्णन मराठी मुले भूगोलाच्या तासाला पाठ करतात, ती शाळेच्या अंगणात पाहण्याचा योग त्यांना क्वचितच येतो.

म्हणून शून्य छायेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या देशात १९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला होता. त्या दिवसाच्या आगेमागे अनेक शाळांतून विज्ञान-सप्ताह होतो. तक्ते रंगविले जातात, ज्वालामुखीच्या प्रतिकृतींतून फेस काढला जातो, पाहुण्यांचे भाषण होते. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु त्यांत मुलाला जे उत्तर मिळते ते आधीच ठरलेले असते. ज्या आठवड्याचे वर्णन येथे करावयाचे आहे, त्यात उत्तर मुलालाच शोधावे लागते आणि ते चुकण्याचीही पूर्ण मुभा असते.

या कामासाठी दोन शाळा हव्यात. सिरुसेरीची जोडीदार शाळा कोठे असावी? नकाशावर ८०.२ अंशांच्या रेखावृत्तावर बोट ठेवून सरळ उत्तरेस सरकत गेले, तर आंध्र व तेलंगण ओलांडून, गडचिरोलीची अरण्ये पार करून ते बोट महाराष्ट्राच्या पूर्व टोकाशी गोंदियावर येऊन थांबते. गोंदियाचा रेखांशही सुमारे ८०.२ अंशच आहे. अक्षांश मात्र सुमारे २१.५. याचा अर्थ असा की दोन्ही गावी खरी मध्यान्ह एकाच क्षणी होते. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्हीकडे आकाश बहुधा निरभ्र असते. एका शाळेतील मुले तमिळ बोलतात, दुसरीतील मराठी. पण एकमेकांस कळवावयाचे आहेत ते आकडेच असल्यामुळे ही अडचण फारशी जाणवत नाही.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी अंगणातील सपाट जागा निवडावी आणि पाणसळ लावून ती खरोखर सपाट आहे याची खात्री करावी. तीवर बरोबर एक मीटर उंचीची काठी रोवावी. आपल्या जुन्या ग्रंथांत हिलाच शंकू म्हटले आहे. काठी ओळंब्यात असणे अत्यावश्यक आहे. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर उत्तम, नाही तर सुतळीला दगड बांधूनही काम भागते. नंतर काठीच्या बुंध्याभोवती दोरीच्या साहाय्याने एक मोठे वर्तुळ काढावे. सकाळी काठीची सावली लांब असते, तिचे टोक वर्तुळाबाहेर असते. दिवस चढेल तसे ते आत येते आणि दुपारनंतर पुन्हा बाहेर जाते. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा, असे दोन बिंदू खडूने टिपून ते सांधले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. शुल्बसूत्रांच्या काळी यज्ञवेदीची दिशा याच रीतीने ठरवीत असत. होकायंत्राची येथे गरज नाही.

याच दिवशी मुलांना पहिला धक्का बसतो. दोन्ही बिंदूंच्या वेळा टिपून त्यांचा मध्य काढला की खरी मध्यान्ह कळते, आणि ती घड्याळाच्या बाराशी जुळत नाही. २८ फेब्रुवारीच्या सुमारास सिरुसेरीत व गोंदियात ती १२ वाजून २२ मिनिटांनी होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची असल्यामुळे या दोन गावी सूर्य नऊ मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. उरलेली तेरा मिनिटे सूर्याच्या वर्षभरातील असमान चालीची आहेत. याच दिवशी मुंबईत मध्यान्ह बारा वाजून पन्नास मिनिटे उलटल्यावर होते. वर्गातील एखाद्या मुलाने या वेळी ‘मग घड्याळ चुकते की सूर्य?’ असे विचारले, तर शिक्षकाने त्या दिवशीचा पुढील तास खुशाल त्या प्रश्नाला द्यावा.

दुसऱ्या दिवसापासून मध्यान्हीच्या सावलीची लांबी मोजावयाची. २८ फेब्रुवारीस सिरुसेरीत एक मीटर काठीची सावली सुमारे ३८.२ सेंटिमीटर भरते. गोंदियात ती सुमारे ५६.६ सेंटिमीटर असते. वरच्या वर्गातील मुले स्पर्शज्येच्या कोष्टकावरून कोन काढतील. खालच्या वर्गातील मुलांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावावा. सिरुसेरीत सूर्य माथ्यापासून २०.९ अंश दक्षिणेस कललेला आढळतो, गोंदियात २९.५ अंश. दोहोंतील फरक ८.६ अंश. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी समांतरच येतात. तेव्हा हा फरक सूर्याचा नव्हे, पृथ्वीच्या पाठीच्या वक्रतेचा आहे. या दोन गावांमधील अंतर जर ८.६ अंशांचे, तर ३६० अंशांचे किती? एवढे त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ हाती येतो.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीन व अलेक्झांड्रिया या दोन नगरांच्या आधारे हेच केले. त्याला मिळालेला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता आणि अंतर ५,००० स्टेडिया. म्हणून परीघ अडीच लक्ष स्टेडिया. ही दोन नगरे एका रेखावृत्तावर नाहीत. त्यांच्यात तीन अंशांचा फरक आहे. सिरुसेरी-गोंदियाची जोडी त्या मानाने अधिक चोख म्हणावी लागेल. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही ‘सिद्धान्तशिरोमणी’त हीच युक्ती सांगितली आहे: दक्षिणोत्तर रेषेवरील दोन पुरांच्या अक्षांशांत अमुक फरक व त्यांच्यात अमुक योजने अंतर असेल, तर पूर्ण चक्राला किती योजने? त्यांनी परीघ ४,९६७ योजने दिला आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केला. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला तेथील शिलालेख याची साक्ष देतो. त्या मठातील विद्यार्थ्यांनी हे त्रैराशिक सोडविले असेलच. मात्र योजनाची किंवा स्टेडियमची नेमकी लांबी निश्चित नसल्यामुळे या प्राचीन उत्तरांची अचूकता आज ठरविणे कठीण आहे. एककावाचून आकडा मुका असतो, हे मुलांच्या ध्यानी आणून देण्यास याहून चांगले उदाहरण नाही.

येथवर सर्व सोपे वाटते. खरी अडचण तिसऱ्या दिवशी येते, कारण तोपर्यंत दोन्ही शाळांतील मुलांना कळून चुकलेले असते की सावलीला टोकच नसते! काठीच्या सावलीची कड गडद असते, मग करडी होते आणि मग नाहीशी होते. सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे गडद छायेच्या पुढे उपच्छायेचा पट्टा पडतो. एक मीटर काठीला तो एक सेंटिमीटरहून थोडा अधिक रुंद असतो. काठी लांब घेतली तर सावली लांबते, पण पट्टाही तितकाच रुंदावतो. लाभ काही होत नाही. एका मुलाने गडद भागाचे टोक टिपले व दुसऱ्याने फिकट भागाचे, तर दोघांच्या कोनांत अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडतो. आणि हा मतभेद दोन शाळांमध्ये झाला, तर पृथ्वीच्या परिघात सुमारे अडीच हजार किलोमीटरांची चूक होते. दोन्ही शाळांनी गडद टोकच धरावयाचे ठरविले, तर मात्र दोघींची चूक सारखीच असल्यामुळे वजाबाकीत ती जवळजवळ नाहीशी होते.

म्हणून तिसऱ्या दिवशी मोजमापापेक्षा पत्रव्यवहार महत्त्वाचा ठरतो. ‘तुम्ही सावलीचे टोक कशाला म्हणता?’ हा प्रश्न सिरुसेरीने गोंदियास विचारला पाहिजे. दुसरा प्रश्न तारखेचा. या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.३७ अंश उत्तरेकडे सरकतो. गोंदियातील सावली रोज आठ-नऊ मिलिमीटरांनी आखडते. एका शाळेने बुधवारचा आकडा व दुसरीने गुरुवारचा आकडा घेतला, तर परीघ दीड हजारांहून अधिक किलोमीटरांनी चुकतो. या गोष्टी पुस्तकात छापून मुलांना दिल्या तर ती त्या विसरतील. स्वतःच्या आकड्यांचा दुसऱ्याच्या आकड्यांशी मेळ बसेना म्हणजे ती स्वतःहून त्यांच्या शोधात निघतात. काठीच्या माथ्यावर बारीक छिद्र असलेला पत्र्याचा तुकडा आडवा बसवून जमिनीवर पडणाऱ्या सूर्यबिंबाच्या कवडशाचा मध्य टिपावा, ही सुधारणा बहुधा एखाद्या मुलालाच सुचते. ती शिक्षकाने आधी सांगू नये.

शिक्षकापुढील खरा मोह याच वेळी उभा राहतो. पृथ्वीचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे हे त्याला ठाऊक असते, वर्गातील हुशार मुलांनाही ठाऊक असते. वहीत सदतीस हजार आले की मुलगा खोडरबर शोधू लागतो. सावली दोन मिलिमीटर आखूड होती असे त्याला अकस्मात आठवते. या आठवड्यापुरते खोडरबर वर्गाबाहेर ठेवावे. आकडे शाईने लिहावेत. चूक आढळल्यास एक रेघ मारून बाजूला कारण लिहावे. बरोबर उत्तरासाठी आकडे वाकविण्याची सवय एकदा लागली की ती पुढे प्रयोगशाळेतही सुटत नाही. सदतीस हजाराचे उत्तर आणि त्याखाली ‘आम्ही फिकट टोक धरले, त्यांनी गडद धरले’ ही ओळ, यांना जास्त गुण मिळाले पाहिजेत.

यापुढे एक सूक्ष्म प्रश्न उरतो, आणि तो बहुतेक शाळांतून विचारलाच जात नाही. त्रैराशिकात दोन गावांमधील अंतर घालावे लागते. सिरुसेरी ते गोंदिया हे सरळ अंतर सुमारे ९५५ किलोमीटर आहे. ते आले कोठून? नकाशावरून मोजले म्हणावे, तर नकाशा काढणाऱ्याने पृथ्वीचे आकारमान आधीच गृहीत धरलेले असते. फोनवर पाहिले म्हणावे, तर त्यातील गणितही त्याच आकारमानावर चालते. म्हणजे पृथ्वी मोजण्यासाठी पृथ्वीचेच माप उसने घेतले! रस्ता व लोहमार्ग वळणावळणांचे असतात, त्यांचे किलोमीटर येथे उपयोगी नाहीत. मग जमिनीवरून प्रत्यक्ष मोजलेले अंतर कधी कोणी काढले होते काय?

काढले होते, आणि त्याचा आरंभ सिरुसेरीच्या शेजारीच झाला. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने चेन्नईतील सेंट टॉमस माउंट, म्हणजेच परंगिमलै, या टेकडीपाशी पोलादी साखळीने जमीन मोजावयास सुरुवात केली. ही आधाररेषा दक्षिणेस पेरुम्बाक्कम येथील टेकडीपर्यंत गेली. सिरुसेरीहून ते ठिकाण आठ-दहा किलोमीटरच दूर आहे. लांबी साडेसात मैल. साखळी शंभर फुटांची. ती जवळजवळ चारशे वेळा ताणून मांडावी लागली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते म्हणून साखळी लाकडी खोक्यांच्या ओळीत ठेवीत, शेजारी तापमापके ठेवीत; एवढ्या अंतरासाठी दीड-दोन महिने लागले. एकदा ही एक रेषा नक्की झाली की पुढे साखळीचे काम थोडे उरते. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन मोजले की त्रिकोण पुरा होतो, त्या त्रिकोणाची बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हे काम बंगळूरकडे आणि मग ७८ अंशांच्या रेखावृत्ताच्या अनुरोधाने दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत व उत्तरेस वऱ्हाडाच्या बाजूस सरकत गेले. वीस वर्षांहून अधिक काळ लॅम्बटन या कामात होता. आपला तळ नागपूरकडे हलविताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तेथेच आहे. चेन्नईच्या टेकडीपासून विदर्भापर्यंतचे अंतर अशा रीतीने माणसांनी उन्हापावसात, तापाने आजारी पडत, पायी मोजलेले आहे. त्या कामात खपलेल्या असंख्य लष्करी शिपायांची व हमालांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

आठवड्याचे उरलेले दोन दिवस या कामासाठी द्यावेत. शाळेचा तीस मीटरांचा टेप लॅम्बटनच्या साखळीएवढाच, किंबहुना अर्ध्या मीटरने आखूड आहे. मैदानावर एक टेपभर लांबीची आधाररेषा आखावी. सिरुसेरीत कुंपणापलीकडे ताडाचे झाड असेल, गोंदियात पाण्याची टाकी. रेषेच्या दोन्ही टोकांवरून त्या खुणेचे कोन मोजावेत, कागदावर त्रिकोण काढावा आणि अंतर सांगावे. नंतर टेप घेऊन ते पडताळावे. फरक मीटरभराचा आला तरी बिघडत नाही. मात्र फरक किती आला ते लिहिले पाहिजे. दोरी वापरू नये, कारण ती ताणली की वाढते. एखाद्या गटाने तरीही दोरीच वापरली, तर तिची लांबी सकाळी व दुपारी मोजून पाहण्यास सांगावे.

एवढे झाल्यावर ९५५ ला ३६० ने गुणून ८.६ ने भागावयाचे. उत्तर ३९,९७७ येते. प्रत्यक्ष उत्तरदक्षिण परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. मुलांच्या काठीकडून इतक्या अचूकतेची अपेक्षा नाही. शेकडा पाच चूक आली तरी काम चांगले झाले म्हणावे. वरच्या वर्गाला एवढे सांगण्यास हरकत नाही की अगदी निर्दोष मोजणी केली तरी या दोन गावांवरून उत्तर थोडे कमीच येईल. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे आपल्या अक्षांशांवर एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरांचा, तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटरांचा भरतो. लॅम्बटनच्या एवढ्या खटाटोपामागे ही चपटी नेमकी किती हे ठरविणे हाही एक मोठा हेतू होता.

जोडीदार शाळा गोंदियाचीच असली पाहिजे असे नाही. कोल्हापूरची शाळा किंवा नाशिकची शाळाही चालेल. तिने आपली मध्यान्ह आपल्या वेळेस पाहावी आणि दोन गावांमधील केवळ दक्षिणोत्तर अंतर हिशेबात घ्यावे.

आठवडा संपतो, परीक्षा येतात, जूनमध्ये मुले वरच्या वर्गात जातात. अंगणातील खडूचे वर्तुळ पुसून जाते. काठीचे भोक तेवढे राहते. परंतु सिरुसेरीच्या मुलांकडे फेब्रुवारीतील आकडे असतात. २८ फेब्रुवारीस सूर्य विषुववृत्ताच्या आठ अंश दक्षिणेस होता. यालाच सूर्याची क्रांती म्हणतात. सावलीवरून तो माथ्याच्या २०.९ अंश दक्षिणेस आढळला; तेव्हा आपला अक्षांश १२.९, हे त्यांनी स्वतः काढलेले असते. पंचांगात किंवा खगोलीय कोष्टकात सूर्याची उत्तर क्रांती १२.९ अंश केव्हा होते ते पाहावयाचे. १८ ऑगस्टच्या सुमारासच्या तारखा समोर येतात. नेमका दिवस सांगणे अवघड असते, कारण त्या सुमारास सूर्य दिवसाला ०.३ अंशच सरकतो आणि एक मीटर काठीवर तो फरक पाच-सहा मिलिमीटरांचा, म्हणजे उपच्छायेच्या पट्ट्याहून लहान असतो. तेव्हा तिन्ही-चारी दिवस काठी रोवावी लागते. ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात, पण मध्यान्हीला बहुधा ऊन मिळते. कधी ऐन वेळी ढग येतो आणि सारा वर्ग मान वर करून उभा राहतो.

ऊन असेल तर बाराच्या सुमारास काठीच्या पश्चिमेस तीन बोटे सावली असते. ती आखडत जाते. १२ वाजून १३ मिनिटांनी काठीच्या बुंध्याभोवती काहीच दिसत नाही. काठी आहे, ऊन आहे, सावली नाही. मुले ओळंबा पुन्हा लावून पाहतात. १२ वाजून १६ मिनिटांच्या सुमारास काठीच्या पूर्वेकडील बाजूस सावलीची पहिली कड बाहेर येते.